गणक-समूहाचा कारभारी कसा निवडावा?

भोसरी, पिंपरी, चिंचवड आणि तेथून पुढें चाकणपर्यंत पसरलेल्या आपल्या औद्योगिक टापूंत मोटारी तयार होतात, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या पत्र्याची मोटार होते तो पत्रा सांच्याखालीं जाण्यापूर्वीं कित्येक वेळां केवळ गणितांत वांकविला जातो, दुमडला जातो आणि फाडूनहि पाहिला जातो, हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें. हें गणित एकट्या संगणकाच्या आवांक्यांतलें नसतें. त्यासाठीं दहा, वीस, क्वचित् शेंकडों संगणक एकत्र जोडून त्यांजकडून एकच काम करून घ्यावें लागतें. अशा जोडणीला कारखान्यांतील मंडळी 'क्लस्टर' म्हणतात. आजच्या भाषणापुरतें आपण तिला गणक-समूह म्हणूं. हा समूह चालविण्यास कार्यप्रणाली, म्हणजे जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, कोणती घ्यावी, आणि त्यावर कारभार पाहणारी आज्ञावली कोणती ठेवावी, हा आजचा प्रश्न आहे. प्रश्न यंत्राचा दिसतो. पण वस्तुतः तो माणसांचा आहे. तो तसा कां, हेंच मला सांगावयाचें आहे.

प्रथम, एवढ्या गणिताची गरज तरी काय, तें पाहूं. मोटार भिंतीवर आदळली म्हणजे सारा प्रकार सुमारें एक दशांश सेकंदांत आटोपतो. तेवढ्यांत पुढचा भाग कसा चेपतो आणि चालकाच्या पायाशीं पत्रा किती आंत येतो, हें जाणण्यासाठीं अभियंता संगणकांत त्या मोटारीचे लक्षावधि लहान लहान तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यावर किती जोर आला, तो किती सरकला, त्यानें शेजारच्या तुकड्यास किती ढकललें, याचा हिशेब क्षणोक्षणीं मांडावयाचा; आणि हा क्षण म्हणजे सेकंदाचा दहालक्षांश भाग, किंवा त्याहूनहि लहान. समजा, तुकडे २० लाख आहेत आणि एक दशांश सेकंदाचे १ लाख क्षण पाडले आहेत. गुणाकार केला तर तुकड्याचा हिशेब २० हजार कोटी वेळां मांडावा लागतो, आणि प्रत्येक हिशेबांत पुन्हां बेरजा-गुणाकारांची रांगच असते. एका संगणकास जें काम कित्येक दिवस पुरेल, तें सोळांत वांटून दिलें तर संध्याकाळीं लावून सकाळीं हातीं येऊं शकतें.

आपल्या देशांत १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' या नांवानें मोटारींच्या सुरक्षिततेस तारे देण्याची पद्धति सुरू झाली. त्या परीक्षेंत खरी मोटारच आदळावी लागते. परंतु एक खरी मोटार मोडण्यापूर्वीं गणितांत शंभर मोडून पाहतां आल्या, तर चूक स्वस्तांत सांपडते. आणि ती चूक रस्त्यावर सांपडण्यापेक्षां कागदावर सांपडलेली सर्वांच्याच हिताची. म्हणून ही विद्या आतां बड्या कारखान्यांचीच राहिलेली नाहीं. त्यांना सांचे व पत्र्याचे भाग पुरविणाऱ्या लहान कारखानदारासहि, पत्रा दाबतांना कोठें सुरकुतेल आणि कोठें फाटेल, हें आधीं गणितानें पाहणें भाग पडूं लागलें आहे. आजचें माझें बोलणें मुख्यतः अशा लहान कारखानदाराच्या आणि त्याच्या पदरीं काम करणाऱ्या तरुणांच्या उपयोगाचें आहे. आणि असे तरुण आज आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आहेत.

साधे संगणक जोडून मोठें काम उरकण्याची युक्ति फार जुनी नाहीं. १९९४ सालीं अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या गॉडर्ड केंद्रांत टॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनीं बाजारांत मिळणाऱ्या घटकांचे १६ संगणक एका जाळ्यानें जोडले, आणि त्या जोडणीस 'बेवुल्फ' हें एका प्राचीन इंग्रजी काव्याच्या नायकाचें नांव दिलें. त्या संगणकांवर त्यांनीं लिनक्स ही कार्यप्रणाली घातली. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिलेली ही प्रणाली विनामूल्य होती, आणि तिचें अंतरंग कोणासहि वाचतां व बदलतां येत होतें. जें उघडून पाहतां येतें तेंच दुरुस्त करतां येतें, हा सुताराचा आणि लोहाराचा अनुभव येथेंहि खरा ठरला.

पुण्याला तर या विषयाचा इतिहास घरचाच आहे. १९८८ सालीं येथें सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. त्यांतील 'ट्रान्सप्युटर' नांवाचे घटक निराळ्याच घडणीचे होते, म्हणून त्यांजवर काम करून घेण्याची सामग्रीहि निराळीच लागे. पुढें १९९८ च्या 'परम १००००' मध्यें सन कंपनीचीं यंत्रें आलीं, तेव्हां त्यांच्याबरोबर त्या कंपनीची सोलारिस ही प्रणाली आली. त्यानंतरच्या 'परम पद्म' मध्यें आयबीएमचीं यंत्रें आलीं, तेव्हां तिची एआयएक्स ही प्रणाली आली. म्हणजे जशी नवरीबरोबर पाठराखीण येते, तशी यंत्राबरोबर प्रणाली येत असे. निवडीचा प्रश्नच नसे. पुढें २००७ सालच्या नोव्हेंबरांत टाटा समूहाच्या पुण्यांतील कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेचा 'एका' हा महासंगणक जगांतील ५०० वेगवान संगणकांच्या यादींत ४ थ्या क्रमांकावर आला. हीं यंत्रें बाजारांत मिळणाऱ्या घडणीचीं होतीं व प्रणाली लिनक्स होती. २००८ च्या 'परम युवा' नें हाच मार्ग धरला.

त्यानंतर वारें पार फिरलें. २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्या जागतिक यादींतील पांचशेंच्या पांचशें यंत्रें लिनक्सवर चालत आहेत. पाषाण येथील हवामानशास्त्र संस्थेंत २०१८ सालीं बसविलेला 'प्रत्युष' घ्या, कीं २०२३ च्या जूनमध्यें त्या यादींत ७५ वा आलेला सी-डॅकचा 'ऐरावत' घ्या, दोहोंचें कूळ एकच आहे. परंतु शाखा मात्र भिन्न आहेत: प्रत्युषवर क्रे कंपनीनें आपल्या यंत्रांसाठीं घडविलेली लिनक्स होती, तर ऐरावतावर उबंटू नांवाची. तेव्हां लिनक्स घ्यावी कीं नाहीं, हा वाद बहुतांशीं मिटला आहे. तिची कोणती शाखा घ्यावी आणि तिजवर कारभारी कोण नेमावा, हा प्रश्न तेवढा उरला आहे.

येथें विंडोजविषयीं दोन शब्द बोलणें न्यायाचें होईल. मायक्रोसॉफ्टनें २००६ सालीं समूहासाठीं आपली स्वतंत्र प्रणाली बाजारांत आणली होती, आणि पुढेंहि ती आवृत्ति बदलून चालविली. ज्याच्या कार्यालयांत सारीं मेजें विंडोजचीं आहेत, ज्याची गणिताची आज्ञावली विंडोजवर चालते आणि ज्याला दोनचार यंत्रांपलीकडे जावयाचें नाहीं, त्यानें विंडोजवर काम भागविलें तर त्यांत कांहीं वावगें नाहीं. परंतु समूह वाढत गेला म्हणजे त्या वाटेवर सोबती विरळ होत जातात. अडचण आली असतां जिला शंभर जणांनीं पूर्वीं तोंड दिलें आहे ती वाट बरी. आणि मोठ्या समूहांच्या बाबतींत ती वाट आज लिनक्सची आहे.

आतां 'शाखा' म्हणजे काय तें सांगतों. लिनक्स हा केवळ गाभा आहे. तो यंत्राची स्मृति, तबकड्या व जाळें यांची व्यवस्था पाहतो. त्याभोंवतीं शेंकडों लहानमोठ्या आज्ञावली जमवून, एकमेकींशीं जुळवून, ठराविक मुदतीनें त्यांची दुरुस्ती करून जो संच लोकांच्या हातीं दिला जातो, त्यास वितरण म्हणतात. रेड हॅट, सुसे, उबंटू, डेबियन हीं अशीं वितरणें होत. पीठ एकच, परंतु कोणी त्याची पोळी करतो, कोणी पुरी. पोटांत जाणारें अन्न तेंच असलें तरी ज्याच्या घरीं जेवावयास बसलों त्याच्या वेळा आणि रीती आपणांस पाळाव्या लागतात.

समूहाच्या प्रणालींत एक गुण मुख्यतः पाहावयाचा असतो, तो म्हणजे मितभाषीपणा. याचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेंत घडलें. तेथील 'क्यू' नांवाच्या महासंगणकांत ८,१९२ घटक होते, पण काम अपेक्षेपेक्षां फार सावकाश होई. २००३ सालीं तेथील शास्त्रज्ञांनीं शोध लावला कीं दोष गणितांत नव्हता किंवा यंत्रांतहि नव्हता. प्रत्येक यंत्रावरील प्रणाली मधून मधून स्वतःचीं किरकोळ कामें करीत असे. एखाद्या यंत्राचा त्यांत क्षणभरच जाई. परंतु समूहांतील सर्व घटकांस प्रत्येक पायरीवर एकमेकांसाठीं थांबावें लागतें, आणि आज हा तर उद्यां तो असे करतां करतां सारेच थांबून राहत. हीं किरकोळ कामें कमी करतांच, एकहि यंत्र न बदलतां, त्यांचें एक महत्त्वाचें गणित दुप्पट वेगानें चालूं लागलें. वर्गांतील चाळीस मुलांपैकीं रोज निराळ्या एकानें पाणी पिण्यास उठावें आणि तो येईपर्यंत सर्वांनीं पुढचें वाक्य वाचूं नये, असा नियम केला तर धडा कधीं संपेल? म्हणून समूहाच्या यंत्रांवर छापण्याची, आवाजाची, खिडक्या रंगविण्याची अनावश्यक सामग्री ठेवूं नये. जेवढें लागेल तेवढेंच ठेवावें.

प्रणालीनंतर कारभारी. त्याचीं कामें चार.

पहिलें काम एकसारखेपणाचें. सोळा यंत्रांवर सोळा वेळां हातानें प्रणाली बसविली तर कोठेंतरी एखादी आवृत्ति वेगळी राहून जाते, आणि मग रात्रीं दोन वाजतां, अर्ध्या हिशेबानंतर, अकराव्या यंत्रावर काम मोडतें. म्हणून एक नमुना तयार करून तोच सर्वांस वांटणारी आज्ञावली लागते. आयबीएममध्यें जन्मलेली एक्सकॅट, सॅन डिएगो येथील केंद्राची रॉक्स, ग्रेगरी कर्त्झर यांनीं आरंभिलेली वेअरवुल्फ, हीं यांपैकीं नांवें होत. वेअरवुल्फच्या पद्धतींत तर दुय्यम यंत्रांच्या तबकडीवर कांहींच ठेवण्याची गरज नसते. यंत्र सुरू होतांच तें मुख्य यंत्राकडून आपला नमुना मागून घेतें. जुन्या पाट्या पुसून सकाळीं सर्वांनीं एकच धडा उतरून घ्यावा, तसें हें आहे.

दुसरें काम पाळीचें. समजा, समूहांत १६ यंत्रें आहेत. एक काम १० यंत्रें अडवून मध्यरात्रीपर्यंत चालणार आहे. दुसऱ्या कामास सोळाहि यंत्रें हवींत, म्हणून तें मध्यरात्रीची वाट पाहत आहे. मधल्या वेळांत ६ यंत्रें रिकामीं. रात्रीं आठ वाजतां कोणी ४ यंत्रांवरचें दोन तासांचें काम आणलें, तर चांगला कारभारी तें लगेच सुरू करतो, कारण तें दहा वाजतां संपेल व कोणाचा खोळंबा होणार नाहीं. परंतु ६ यंत्रांवरचें सहा तासांचें काम आलें तर तो नाहीं म्हणतो, कारण त्यानें मोठें काम मागें पडेल. ही किमया मात्र एका अटीवर चालते: काम देणाऱ्यानें आपला अंदाज प्रामाणिकपणें सांगितला पाहिजे. दोन तासांच्या कामास सवयीनें चोवीस तास लिहिणारा मनुष्य स्वतःचेंहि नुकसान करतो व इतरांचेंहि. पाळी पाहणाऱ्या आज्ञावलींत लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेंत आरंभ झालेली स्लर्म आणि नासाच्या एम्स केंद्रांत १९९१ सालीं आरंभलेली पीबीएस, या दोन प्रमुख आहेत.

पाळीबरोबर परवान्यांचाहि हिशेब येतो. लिनक्स विनामूल्य मिळते. पण मोटार आदळण्याचें गणित करणाऱ्या व्यापारी आज्ञावली महाग असतात, आणि त्यांचें मूल्य पुष्कळदां किती गणकघटक एकाच वेळीं वापरणार यावर ठरतें. ६४ घटकांचा परवाना असतांना प्रत्येकीं ६४ घटक मागणारीं दोन कामें एकदम सोडलीं, तर दुसरें काम यंत्रें अडवूनहि कांहींच करीत नाहीं. कारभाऱ्यास परवान्यांची संख्या सांगून ठेवली म्हणजे तो दुसऱ्यास दारांतच थांबवितो.

तिसरें काम देखरेखीचें. येथें आळंदीच्या वाटेवरचें एक उदाहरण आठवतें. माउलींच्या पालखीसोहळ्यांत दिंड्यांस रथापुढें व रथामागें क्रमांक ठरलेले असतात. मुक्कामाच्या आरतीच्या वेळीं चोपदारानें दंड उंचावला कीं सारे टाळमृदंग शांत होतात. आणि जिची कांहीं तक्रार असेल ती दिंडी तेवढी टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातो व तक्रार ऐकून घेतो. हजारों माणसांची व्यवस्था ठरलेला क्रम, एक खूण आणि तक्रारीची एक रीत एवढ्यावर चालते. गणक-समूहांतहि तेंच हवें असतें. भेद एवढाच कीं बिघडलेलें यंत्र टाळ वाजवीत नाहीं, तें मुकाट्यानें बसतें. म्हणून कारभाऱ्यानेंच मिनिटामिनिटास हजेरी घ्यावी, कोण तापलें, कोणाची तबकडी भरली, कोण गैरहजर, हें पाहावें, आणि आजारी यंत्रास नवें काम देऊं नये.

चौथें काम सामायिक कोठाराचें. सर्व यंत्रांना एकच माहिती एकाच वेळीं दिसली पाहिजे. लहान समूहास एनएफएस ही जुनी साधी पद्धति पुरते; शेंकडों यंत्रांस लस्टरसारखी, एकाच फाइलीचे भाग अनेक तबकड्यांत वांटणारी व्यवस्था लागते. ज्याची गाडी बैलाची आहे त्यानें आगगाडीचे रूळ टाकूं नयेत. लस्टर सांभाळणें हेंच एक स्वतंत्र काम होऊन बसतें.

आतां निवडीकडे येऊं. दुकानांत जाऊन 'सर्वांत चांगली प्रणाली कोणती?' असें विचारणें म्हणजे 'सर्वांत चांगलें औषध कोणतें?' असें विचारण्यासारखें आहे. माझ्या मतें चार प्रश्न ओळीनें विचारावे, आणि त्यांचा क्रम बदलूं नये.

पहिला प्रश्न: आपणांस कोणती गणिताची आज्ञावली चालवावयाची आहे? तिचा विक्रेता कोणत्या प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीवर ती तपासून देतो? व्यापारी आज्ञावली पुष्कळदां रेड हॅट व सुसे यांवर तपासलेल्या असतात. ज्या प्रणालीवर ती तपासलेलीच नाहीं ती आपण घेतली, आणि उत्तर चुकीचें आलें, तर विक्रेता हात झटकून मोकळा होतो. येथें प्रश्न केवळ सोयीचा नाहीं. त्या उत्तरावर पत्र्याची जाडी ठरणार असते.

दुसरा प्रश्न: सांभाळणार कोण? विनामूल्य याचा अर्थ परवान्याचें मोल नाहीं एवढाच. मेहनतीचें मोल द्यावेंच लागतें. आपल्या पदरचा तरुण ज्या शाखेंत हात बसलेला आहे ती शाखा, दुसरी थोडी सरस असली तरी, आपणांस अधिक चांगली. असा कोणीच नसेल तर पैसे देऊन आधार विकत घ्यावा, यांत कमीपणा नाहीं.

तिसरा प्रश्न: ही प्रणाली किती वर्षें सांभाळली जाईल, आणि तो शब्द कोणाचा? या प्रश्नाचें महत्त्व जगाला एका घटनेनें शिकविलें. रेड हॅटची प्रणाली पैशानें आधार विकते. पण तिचें मूळ साहित्य उघडें असल्यामुळें तेंच पुन्हां बांधून विनामूल्य देणारी सेंटओएस ही शाखा २००४ पासून निघाली. जगभरच्या असंख्य समूहांनीं तिचा आश्रय केला. २०१४ सालीं रेड हॅटनेंच तिचें पालकत्व घेतलें. २०१९ च्या सप्टेंबरांत सेंटओएस ८ आली. तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहतील, अशी सर्वांची समजूत होती. परंतु ८ डिसेंबर २०२० रोजीं जाहीर झालें कीं ती ३१ डिसेंबर २०२१ रोजींच बंद होईल. दहा वर्षांच्या भरंवशावर बांधलेलें घर वर्षभरांत सोडावें लागलें. मागची सेंटओएस ७ देखील ३० जून २०२४ रोजीं संपली. रॉक्स या कारभाऱ्याची शेवटची मोठी आवृत्ति २०१७ च्या डिसेंबरांत त्याच सातव्या पायावर निघाली होती. ज्यांनीं सारें त्याच्यावर सोंपविलें त्यांचा पाया आणि कारभारी दोन्ही एकदम जुने झाले.

सेंटओएसच्या जागीं २०२१ सालीं रॉकी आणि अल्मा या दोन शाखा उभ्या राहिल्या. रॉकीचे प्रवर्तक कर्त्झर हे सेंटओएसच्या मूळ संस्थापकांपैकीं होत. आपल्या दिवंगत सहकाऱ्याच्या स्मरणार्थ त्यांनीं हें नांव ठेविलें. २०२३ च्या जूनमध्यें रेड हॅटनें मूळ साहित्य मिळण्याची वाट पुन्हां अरुंद केली, तरीहि या दोन्ही शाखा आपापल्या मार्गानें टिकून राहिल्या. यांत कोणास दोष देण्याचें प्रयोजन नाहीं. कंपनीस आपला व्यवहार पाहण्याचा अधिकार आहे. धडा एवढाच घ्यावा कीं दुसऱ्याच्या ओसरीवर राहणाऱ्यानें आपलें सामान नेहमीं आवरून ठेवावें.

म्हणून चौथा प्रश्न, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: ही प्रणाली उद्यां सोडावी लागली, किंवा हिला सांभाळणारा मनुष्य उद्यां नोकरी सोडून गेला, तर काय? सेंटओएस बंद पडली तेव्हां कोणाची त्रेधा उडाली आणि कोण सहज पार पडला, याचा विचार केला म्हणजे उत्तर मिळतें. ज्यांनीं समूहाची सारी मांडणी, कोणती आज्ञावली, कोणती आवृत्ति, कोणती व्यवस्था, ही एका लेखांत क्रमवार लिहून ठेवली होती, आणि कारभारी तोच लेख वाचून यंत्रें उभीं करीत होता, त्यांनीं लेखांतील कांहीं ओळी बदलल्या, एका यंत्रावर पारखून पाहिलें आणि मग इतरांकडे वळले. ज्यांची मांडणी एकाच हुशार माणसाच्या डोक्यांत होती त्यांस पहिल्यापासून आरंभ करावा लागला. आपल्याकडे स्वयंपाकाची पद्धत सासूकडून सुनेकडे हातानें आणि नजरेनें जाई. तें घरांत शोभतें. कारखान्यांत माणसें बदलतात, म्हणून तेथें पद्धत कागदावर हवी.

याची एक सोपी परीक्षा आहे, आणि ती खरेदीपूर्वींच घ्यावी. विक्रेत्यानें किंवा आपल्या तरुणानें चार यंत्रांचा नमुन्याचा समूह उभा करून दाखवावा. मग त्यांतील एक यंत्र पूर्ण पुसून टाकावें, आणि ज्यानें समूह उभा केला नाहीं अशा दुसऱ्याच मुलाच्या हातांत ती लेखी मांडणी द्यावी. त्यानें कोणास न विचारतां तें यंत्र तासाभरांत परत कामाला लावलें तर निवड उत्तम. त्यास तीन वेळां फोन करावा लागला तर प्रणालीचें नांव कितीहि मोठें असो, ती आपल्या घरची नव्हे.

या टापूंतील एक व्यावहारिक गोष्टहि ध्यानांत ठेवावी. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक भागांत गुरुवार हा सुटीचा वार, आणि विजेच्या तारांची दुरुस्तीहि बहुधा त्याच दिवशीं निघते. बुधवारीं संध्याकाळीं लावलेलें तीस तासांचें काम गुरुवारीं सकाळीं वीज गेली कीं मातीला मिळतें. स्लर्मसारख्या कारभाऱ्यास आधींच सांगून ठेवतां येतें कीं गुरुवारीं सकाळीं आठ ते सायंकाळीं सहा यंत्रें राखीव आहेत. मग जें काम त्यापूर्वीं संपणार नाहीं तें तो सुरूच करीत नाहीं. शिवाय गणिताची आज्ञावली मधून मधून आपली स्थिति तबकडीवर उतरवून ठेवूं शकत असेल तर ती सोय जरूर वापरावी, म्हणजे अकस्मात् वीज गेली तरी मागल्या खुणेपासून पुढें चालतां येतें. साठवणीच्या विजेवर निदान नीट मिटवून घेण्याइतका अवधि मिळाला पाहिजे.

एखाद्या सोळा यंत्रांच्या कारखानदारानें मला विचारलेंच तर मी असें सांगेन: आज्ञावलीचा विक्रेता रेड हॅटच्या जातीची प्रणाली मान्य करीत असेल तर मुख्य यंत्रापुरता पैशाचा आधार घ्यावा किंवा रॉकी अथवा अल्मा घ्यावी, यंत्रें उभीं करण्यास वेअरवुल्फ, पाळीस स्लर्म, कोठारास एनएफएस आणि हजेरीस एखादी साधी देखरेख ठेवावी. २०१५ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालीं ओपनएचपीसी या नांवानें अशा सामग्रीचा जुळवलेला संच विनामूल्य मिळतो, त्याची लेखी कृतीहि त्याबरोबर येते. आरंभ तेथून करणें सोयीचें. विक्रेता उबंटू मान्य करीत असेल आणि मुलांचा हात तींत बसला असेल तर तिच्यावरहि हेंच सारें उभें राहतें. नांवें दहा वर्षांनीं बदलतील. प्रश्न बदलणार नाहींत.

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांतून रोज सकाळीं कोणीतरी भोसरीस किंवा चाकणला जातो, आणि संध्याकाळीं त्याच नाशिक रस्त्यानें परततो. ज्या मोटारींच्या गर्दींतून तो येतो त्यांच्यापैकीं कांहींचा पत्रा कोठें वांकावा आणि कोठें वांकूं नये, हें अशाच एखाद्या खोलींत, रात्रभर चाललेल्या यंत्रांनीं ठरविलेलें असतें. त्या खोलींतील यंत्रें चांगलीं असावींत हें तर खरेंच. परंतु तीं कोणाच्या भरंवशावर उभीं आहेत, तो गेला तर त्यांना कोण उठवील, आणि तें कोठें लिहून ठेविलें आहे, हें त्या खोलीच्या धन्यानें आजच विचारून घ्यावें.